सभासद कोण आणि मालक कोण?

महाराष्ट्रात 'सहकार' हा शब्द फार मानाने उच्चारला जातो. साखर कारखान्यांच्या कमानींवर तो असतो, पुढाऱ्यांच्या भाषणांत असतो, पदवीच्या पाठ्यपुस्तकांत असतो. जो शब्द इतक्यांच्या तोंडी बसतो तो तपासून पाहण्याची गरज मग कोणाला वाटत नाही. दलित चळवळीलाही ती फारशी वाटली नाही. सहकार म्हणजे पश्चिम महाराष्ट्रातील बागायतदारांचा कारभार, आपला त्याच्याशी संबंध असलाच तर तो उसाच्या फडापुरता, असे आपण धरून चाललो. ह्या उपेक्षेला कारणे होती आणि ती कारणे खरी होती. परंतु त्यामुळे झाले असे की, उत्पादनाची मालकी कोणाकडे असावी हा मुळात बाबासाहेबांनी पुढे आणलेला प्रश्न आपण धनदांडग्यांच्या हाती सोपवून मोकळे झालो. चंद्रपूर आणि गडचिरोली ह्या जंगलाच्या जिल्ह्यांत राहून हा प्रश्न टाळता येत नाही, म्हणून हे लिहीत आहे.

मी महाविद्यालयात वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना सहकार हा विषय शिकवतो. समान आर्थिक गरजा भागवण्यासाठी स्वेच्छेने एकत्र आलेल्या माणसांनी सामाईक मालकीने आणि लोकशाही पद्धतीने चालवलेला व्यवसाय म्हणजे सहकारी संस्था, अशा आशयाची व्याख्या मी फळ्यावर लिहितो. समोर गोंड, माना, ढिवर, बुरुड, बौद्ध घरांतली मुले बसलेली असतात. त्यांतली बरीचशी माझ्यासारखीच, घरात पहिल्यांदा पुस्तक उघडणारी. एकदा एका मुलाने विचारले, "सर, माझे बाबा जंगल कामगार सोसायटीचे सभासद आहेत. मग ते मालक झाले का? आणि झाले असतील तर कशाचे?" पाठ्यपुस्तकात ह्या प्रश्नाला उत्तर नाही. व्याख्येत 'सभासद' आणि 'मालक' हे दोन शब्द शेजारी शेजारी बसवलेले असतात आणि ते एकच आहेत असे गृहीत धरलेले असते. माझ्या मते महाराष्ट्रातील सहकाराचा सगळा सामाजिक इतिहास ह्या दोन शब्दांमधल्या अंतरात सापडतो.

हे अंतर सहकाराच्या जन्मगावीही होते. १८४४ साली इंग्लंडमधील रॉचडेल येथे अठ्ठावीस माणसांनी एक दुकान काढले. त्यांत विणकर होते, इतर कारागीरही होते. भांडवल कितीही असो, माणशी एक मत. नफ्याची वाटणी खरेदीच्या प्रमाणात. हे सर्व आपण शिकवतो. परंतु त्याच रॉचडेलमध्ये त्याच चळवळीतल्या लोकांनी १८५४ साली एक सहकारी कापड गिरणी सुरू केली, हे क्वचितच शिकवले जाते. तिथे नफ्याचा एक भाग श्रमाचा म्हणून कामगारांना देण्याची प्रथा होती. गिरणी चालू लागली, बाहेरचे भागधारक आले, त्यांची संख्या वाढली आणि १८६२ साली त्यांनी बहुमताने कामगारांचा तो वाटा बंद केला. सर्व काही लोकशाही पद्धतीने झाले. मत सर्वांना होते. फक्त मते देणारे बहुसंख्य हात माग चालवणारे राहिले नव्हते. तेव्हा 'लोकशाही नियंत्रण' एवढे म्हणून भागत नाही. त्या लोकशाहीत कोणाला प्रवेश आहे, हे आधी पाहावे लागते.

आता आपल्या राज्याकडे वळू. प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभारलेल्या कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ चा. खाजगी कारखानदार आणि सावकार यांच्या कचाट्यातून ऊस पिकवणारा शेतकरी सोडवण्याचे ते काम खरोखरच मोठे होते, आणि त्याचे मोठेपण नाकारण्यात काही पुरोगामीपणा नाही. परंतु त्या कारखान्याच्या सभासदत्वाची किल्ली कोणती होती? ऊस. ऊस कशातून येतो? जमिनीतून आणि पाण्यातून. ज्याच्याकडे जमीन तो उत्पादक सभासद, ज्याच्याकडे जमीन नाही तो बाहेर. म्हणजे मालकी आधी आणि सभासदत्व नंतर, असा तो क्रम होता. ऊस तोडणारा माणूस मुकादमाकडून उचल घेतो, कोयता आणि बिऱ्हाड घेऊन फडावर येतो, त्याच्या तोडणीवाचून गाळप होत नाही. पण कारखान्याच्या वार्षिक सभेत त्याला खुर्ची नाही. जातिव्यवस्थेने ज्यांना जमिनीपासून दूर ठेवले त्यांना सहकाराच्या उपविधींनी जातीचे नावही न घेता दूर ठेवले. अस्पृश्यता कायद्याने गेली तरी ती जमिनीच्या उताऱ्यात टिकून राहू शकते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

जंगलात नेमके याच्या उलट घडले. १९३० च्या दशकाच्या अखेरीस सिमिंग्टन नावाच्या अधिकाऱ्याने मुंबई इलाख्यातील आदिवासींच्या स्थितीवर अहवाल लिहिला. कर्जबाजारीपण, वेठ आणि जंगल ठेकेदारांकडून होणारी पिळवणूक त्यातून सरकारदप्तरी आली. पुढे १९४७ च्या सुमारास बाळासाहेब खेर यांच्या सरकारने जंगल कामगार सहकारी संस्थांची योजना सुरू केली. ठेकेदाराला लिलावाने कूप देण्याऐवजी तोडणाऱ्या मजुरांचीच संस्था करावी आणि तिला कूप द्यावे, ही कल्पना. ठाणे आणि खानदेश ह्या भागांत तिची सुरुवात झाली. चांदा जिल्हा तेव्हा मुंबई राज्यात नव्हता. तो १९५६ साली द्वैभाषिकात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला, आणि ह्या संस्थांचे जाळे त्यानंतर इकडे पसरले. गडचिरोली जिल्हा १९८२ साली वेगळा झाला, तेव्हा हे जाळे दोन जिल्ह्यांत वाटले गेले.

ह्या संस्थेत सभासद कोण? झाड तोडणारा. इथे श्रमाला प्रवेश आहे, जमिनीची अट नाही. साखर कारखान्याच्या मानाने ही केवढी पुढची पायरी! परंतु मालकी कशाची? जंगल सरकारचे. कोणते कूप कधी तोडायचे हे वन खात्याने ठरवायचे. झाडावर हातोड्याचा शिक्का वन खात्याचा. मजुरांनी तोडायचे, कटाई करायची, ओंडके डेपोपर्यंत पोचवायचे. संस्थेच्या वाट्याला काय यावे हे सरकारी आदेशाने ठरायचे. संस्थेजवळ जे होते ते इतकेच: आपले श्रम विकण्याचा सामूहिक अधिकार. ठेकेदार गेला हे खरे, परंतु ठेका गेला नाही. ठेकेदाराच्या जागी संस्था बसली आणि मजूर तिचा सभासद झाला. शिवाय सभासद निरक्षर असल्यामुळे वही लिहिणारा, बँकेत जाणारा, साहेबांशी बोलणारा माणूस बाहेरचा. संस्थेला वाट दाखवण्यासाठी पुरस्कर्ता म्हणून समाजसेवक असायचा. काहींनी निष्ठेने काम केले. पण जी संस्था आपला हिशेब आपण वाचू शकत नाही ती आपली कशी?

ह्या संस्थांचे परावलंबन किती खोल होते ते पुढे दिसले. १९७४ साली वन विकास महामंडळ आले आणि जंगलाचे मोठे पट्टे त्याच्याकडे गेले. १९८० साली वन संवर्धन कायदा आला. १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मंजूर कार्य आयोजनेशिवाय झाड तोडण्यास मनाई केली. ह्यांतील प्रत्येक निर्णयामागे जंगल वाचवण्याची वा वाढवण्याची कारणे सांगता येतील. मी त्यांच्या वादात जात नाही. मला दाखवायचे आहे ते हे की, ह्यांपैकी एकाही निर्णयात 'मालक' सभासदाला कोणी विचारले नाही. कूप नसेल त्या वर्षी संस्थेजवळ काही नसते. असते ते कार्यालय, पाटी आणि सभासदांची यादी.

भाषाही हेच सांगते. तेंदूपत्त्याचा व्यापार १९६९ च्या महाराष्ट्र कायद्याने सरकारी नियंत्रणाखाली आला. सत्तर पानांचा एक पुडा आणि हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी, असा त्याचा हिशेब. मे महिन्याच्या उन्हात पहाटेपासून पाने खुडून, बांधून, फळीवर आणून देणाऱ्या बाईला मजुरीवर पुढे जी रक्कम मिळू लागली तिला लोक 'बोनस' म्हणतात. हा शब्द जरा थांबून ऐका. बोनस मजुराला मिळतो. मालकाला बोनस मिळत नाही, मालकाला उत्पन्न मिळते. आपल्या वाट्याच्या पैशाला आपणच बोनस म्हणतो तेव्हा आपण मजूर आहोत हे आपण मान्य केलेले असते.

साखरेच्या सहकारात मालक सभासद आहे आणि श्रमिक बाहेर आहे. जंगलाच्या सहकारात श्रमिक सभासद आहे आणि मालकी बाहेर आहे. एकाला दुसऱ्याचा आदर्श सांगण्यात अर्थ नाही. दोन्ही ठिकाणी व्याख्येचा अर्धा भागच खरा आहे.

अनुसूचित जातींसाठी म्हणून ज्या सहकारी औद्योगिक संस्था निघाल्या त्यांचे काय? त्या योजनेत संस्थेचा स्वतःचा हिस्सा पाच टक्के, सरकारी भागभांडवल पस्तीस टक्के, सरकारी कर्ज पस्तीस टक्के आणि उरलेले पंचवीस टक्के वित्तीय संस्थेचे कर्ज, असे प्रमाण ठरले. गरिबाने भांडवल आणायचे कुठून, ह्या प्रश्नाला सरकारने उत्तर दिले हे योग्यच झाले. परंतु ज्याच्या वाट्याला पाच टक्के आहेत त्याला मालक बनवण्यासाठी जे शिक्षण, जी देखरेख, जो हिशेबाचा हक्क द्यायला हवा होता तो दिला गेला नाही. यांतील कित्येक संस्था उत्पादनापर्यंत पोचल्याच नाहीत. दलिताचे नाव भांडवल मिळवण्यासाठी उपयोगी पडते आणि कारभाराच्या वेळी ते यादीत झोपून राहते, ही स्थिती आपल्या कार्यकर्त्यांना परिचयाची आहे.

संचालक मंडळावरील राखीव जागेचेही तेच. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० अन्वये संचालक मंडळावर अनुसूचित जाती किंवा जमातीसाठी एक जागा राखीव आहे. दोघांत मिळून एक! आणि त्या जागेसाठी मत कोण देतो? सर्व सभासद. म्हणजे दलित वा आदिवासी संचालक कोण असावा हे बिगर-दलित, बिगर-आदिवासी बहुसंख्येने ठरवायचे. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारानंतर संयुक्त मतदारसंघाबद्दल बाबासाहेबांची जी तक्रार आयुष्यभर राहिली ती गावच्या सोसायटीत, एका खुर्चीपुरती, आजही जशीच्या तशी उभी आहे.

बाबासाहेबांनी ह्या प्रश्नाकडे कसे पाहिले? १९४७ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने त्यांनी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन तयार केले. त्यात शेती हा राज्याचा उद्योग असावा, जमीन राज्याने घ्यावी, गावातील कुटुंबांच्या गटांना ती सामुदायिक पद्धतीने कसायला द्यावी, आणि देताना जातधर्माचा भेद करू नये, अशी मांडणी आहे. कोणी जमीनदार राहू नये, कोणी कूळ राहू नये, कोणी भूमिहीन मजूर राहू नये, हा तिचा हेतू. बी, पाणी, बैल, अवजारे ह्यांसाठीचा पैसा राज्याने पुरवायचा. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, बाबासाहेब आधी मालकीचा प्रश्न सोडवतात आणि मग माणसांना एकत्र बसवतात. विषम मालकी तशीच ठेवून एकत्र बसवलेली माणसे सहकारी होत नाहीत, हे त्यांनी ओळखले होते. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी राजकारणातील समता आणि अर्थकारणातील विषमता यांच्या विसंगतीचा जो इशारा दिला तो 'माणशी एक मत' म्हणणाऱ्या प्रत्येक सोसायटीलाही लागू आहे. मत एक मिळाले. मूल्य एक झाले का?

ह्या पार्श्वभूमीवर आपल्या जिल्ह्यांत गेल्या काही वर्षांत जे घडले आहे त्याकडे पाहिले पाहिजे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) ह्या गोंड गावाच्या ग्रामसभेला वन हक्क कायदा, २००६ प्रमाणे २००९ साली सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू विकता येईना, कारण बांबू हे गौण वनोपज नसून झाड आहे असे वन खात्याचे म्हणणे होते. कायद्यात बांबूचे नाव गौण वनोपजात स्पष्ट लिहिलेले असताना! अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावला २०१२ साली असाच हक्क मिळाला. त्या गावाने बांबूचा व्यवहार स्वतः चालवला आणि तेंदूपत्ता न तोडण्याचा निर्णय घेतला, कारण त्यासाठी फांद्या छाटल्या जातात, आगी लावल्या जातात. नफ्याची वस्तू सोडून देण्याचा निर्णय फक्त मालक घेऊ शकतो. मजूर घेऊ शकत नाही. कोरची तालुक्यात अनेक ग्रामसभांनी मिळून महाग्रामसभा उभी केली आहे.

ही ग्रामसभा सहकारी कायद्याखाली नोंदलेली संस्था नाही. तिथे भाग विकत घ्यावा लागत नाही. गावात राहणारा प्रत्येक प्रौढ माणूस तिचा सभासद असतो, आणि वनोपजाची मालकी कायद्याने दिलेली असते. सभासदत्व आणि मालकी प्रथमच एका जागी आली. पाठ्यपुस्तकातील व्याख्या ज्या कायद्याच्या पोटातून खरी ठरते आहे त्याच्या नावात 'सहकार' हा शब्दही नाही, हे सहकार शिकवणाऱ्या माझ्यासारख्यांनी मुकाट्याने लिहून घेतले पाहिजे.

परंतु समीक्षकाने इथे आरती ओवाळून थांबू नये. मेंढ्यात निर्णय सर्वसहमतीने होतात. त्या गावाने २०१३ साली ग्रामदानाचा ठराव करून शेतजमिनीही एकत्र आणण्याचे ठरवले. पण ते गाव जवळजवळ सगळे गोंडांचे आहे. जिथे गोंड, कुणबी, तेली, ढिवर, बौद्ध अशी मिश्र वस्ती आहे आणि भूमिहीन माणूस शेतमालकाच्या कामावर अवलंबून आहे, तिथे सर्वसहमती म्हणजे कोणाची संमती आणि कोणाचे मौन? ग्रामदान हृदयपरिवर्तनावर उभे राहते. बाबासाहेबांनी १९४७ साली जे मागितले ते संविधानात मागितले होते, कोणाच्या हृदयात नव्हे. दादासाहेब गायकवाडांनी १९६४ साली भूमिहीनांचा सत्याग्रह उभारला तो दानासाठी नव्हता, हक्कासाठी होता. हा फरक आपण विसरू नये.

दुसरे असे की, वन हक्क कायद्याने आदिवासी आणि 'इतर पारंपरिक वननिवासी' असे दोन वर्ग केले. दुसऱ्या वर्गातल्या माणसाने १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षे, वास्तव्य सिद्ध करायचे. आदिवासींना मिळालेला हक्क हा दलितांचा तोटा आहे असे सुचवणाऱ्यांपासून आपण सावध राहिले पाहिजे. ते भांडण लावण्यात ज्यांचा फायदा आहे ते आपले मित्र नाहीत. तरीही प्रश्न उरतोच. ज्याच्या आजोबाचे नाव कोणत्याच उताऱ्यावर चढू दिले गेले नाही त्याने पंचाहत्तर वर्षांचा कागद आणायचा कुठून?

आणि तिसरा प्रश्न बुरुडाचा. बुरुड ही ह्या राज्यातील अनुसूचित जाती. सूप, टोपली, तट्टे, कणगी हे सारे त्याच्या हातचे. बल्लारपूरच्या कागद गिरणीला दीर्घ मुदतीच्या करारांनी जंगलातला बांबू मिळत असे आणि बुरुड हिरव्या बांबूसाठी डेपोच्या दारात उभा असे. आता अनेक ठिकाणी बांबूचा मालक ग्रामसभा आहे. परंतु बुरुड बहुधा त्या गावचा नसतो. तो मोठ्या गावात वा शहराच्या कडेला राहतो. म्हणून तो त्या ग्रामसभेचा सभासद नसतो. ग्रामसभेजवळ गोदाम नाही, खेळते भांडवल नाही, म्हणून ती बांबू मोठ्या व्यापाऱ्याला एकरकमी विकते. बुरुडाच्या दृष्टीने मालक बदलला, दार तेच राहिले. २०१७ साली भारतीय वन कायद्यातील झाडाच्या व्याख्येतून बांबू वगळला गेला, पण त्याचा लाभ वनाबाहेरच्या बांबूला, म्हणजे ज्याच्याकडे लावायला शेत आहे त्याला.

सहकाराच्या सात तत्त्वांत 'सहकारी संस्थांमधील सहकार' हे एक तत्त्व आहे. परीक्षेत ते दोन गुणांना विचारतात. आपल्या जिल्ह्यांत त्याचा अर्थ अगदी साधा आहे: बांबूचा मालक असलेली ग्रामसभा आणि बांबूचा कसबी असलेला बुरुड यांच्यात व्यापाऱ्याला वगळून करार व्हावा. बुरुडांची स्वतःची संस्था असावी, तिच्या भागाची किंमत त्यांना परवडेल इतकी असावी, ग्रामसभांनी दर हंगामातील बांबूचा ठराविक हिस्सा तिच्यासाठी ठरल्या दराने राखून ठेवावा, आणि तयार मालाच्या विक्रीतला वाटा ग्रामसभेकडे परत यावा. आदिवासी आणि दलित यांच्या ऐक्यावर आपण व्यासपीठावर पुष्कळ बोलतो. ते ऐक्य एका पावतीपुस्तकात उतरले तर त्याला वजन येईल.

ज्या चंद्रपुरात १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली त्या भूमीत आपण शिकलो, नोकऱ्यांना लागलो. जंगलाचे अर्थकारण मात्र आपण आपला विषय मानले नाही. आता आपल्यातील पदवीधर तरुणांनी एक काम हाती घ्यावे असे मला वाटते. आपल्या गावात जी कोणती सोसायटी असेल, जंगल कामगारांची, मच्छीमारांची, सेवा सहकारी किंवा दुधाची, तिचे उपविधी मिळवावेत आणि सभासदांना मोठ्याने वाचून दाखवावेत. सभासद होण्याची अट काय, संस्थेच्या मालकीचे नेमके काय आहे, आणि हिशेबाची वही कोणाच्या घरी असते, एवढे तीन प्रश्न वार्षिक सभेत विचारावेत. आपली माणसे जिथे सभासद नाहीत तिथे ती का नाहीत, हे लेखी विचारावे. जिथे सामूहिक वन हक्क मिळालेला आहे तिथे गावातल्या भूमिहीन दलित बाया ग्रामसभेला येतात की नाही आणि आल्या तर बोलतात की नाही, हे पाहावे. वही लिहायला शिकवावे, लिहून देऊ नये.

माझ्या विद्यार्थ्याचा प्रश्न मी आता अभ्यासक्रमाच्या पहिल्याच तासाला सर्व वर्गाला विचारतो: तुमच्या घरात कोण कशाचा सभासद आहे आणि कोण कशाचा मालक? पहिल्या रकान्यात पुष्कळ नावे येतात. दुसरा रकाना भरण्याचे काम वर्गात होण्याजोगे नाही.